बारा की सोळा? फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये स्ट्रक्चरचं माप सगळ्या प्रोसेसरांवर एकच कसं ठेवायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी मी मागावर बसवायचा छोटा लॉगर तयार केला होता. ३२ बिट एआरएमचा बोर्ड, त्यात एसडी कार्ड, आणि कार्डावर मीच लिहिलेली लहानशी फाइलसिस्टिम. सुरुवातीला एक सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची ओळख सांगणारा ब्लॉक) आणि त्यामागे एकापाठोपाठ एक नोंदी. नोंदीत दोनच गोष्टी होत्या: ८ बाइटची वेळ आणि पाळीत धोटा किती वेळा फिरला त्याचा ४ बाइटचा आकडा. कार्ड काढून ऑफिसातल्या जुन्या ३२ बिट लिनक्स संगणकात घातलं की तिथला प्रोग्राम पाळीचा तक्ता छापायचा. नोंदीचं स्ट्रक्चर, म्हणजे सी भाषेत फील्ड एकापाठोपाठ मांडलेली चौकट, ज्यात लिहिलं होतं ती हेडर फाइल दोन्हीकडे एकच होती, त्यामुळे माप चुकेल ही शंकाही मनात आली नव्हती.

गड्ड्याची यात्रा उरकून कारखाना पुन्हा सुरू झाला, त्या आठवड्यात तिथल्या सुपरवायझरांनी छापलेला कागद पुढे केला. "ओ सर, तिसऱ्या ओळीत १९७० साल आलंय बघा की."

पहिली ओळ अगदी बरोबर होती. दुसरीतली वेळ अशक्य मोठी आणि धोट्याचा आकडा शून्य. तिसरीत १ जानेवारी १९७०, सकाळी ६ वाजून ४० मिनिटं, आणि धोटा फिरला म्हणे पावणेदोन अब्ज वेळा. चौथी ओळ पुन्हा निरर्थक. पाचवी मात्र बरोबर. नववीही बरोबर, तेरावीही. दर चार ओळींनी एक नोंद खरी निघत होती, आणि ह्या 'चार'नेच मला उत्तर दिलं. १२ आणि १६ ह्यांचा लसावि ४८. लिहिणारा १६-१६ बाइटची पावलं टाकत होता आणि वाचणारा १२-१२ ची. ४८ बाइटनंतर दोघांची गाठ पडायची, म्हणजे वाचणाऱ्याची पाचवी नोंद ही खरं तर लिहिणाऱ्याची चौथी होती. तिसऱ्या ओळीतली सकाळची ६:४० म्हणजे दुसऱ्या नोंदीतला धोट्याचा आकडा, ४२००, सेकंद समजून वाचलेला. पावणेदोन अब्ज हा तिसऱ्या नोंदीच्या वेळेचा खालचा अर्धा भाग.

कंपायलरने ह्यात काहीही चूक केली नव्हती, आणि सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं.

फरक येतो कुठून

प्रत्येक आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या घराण्याचा, एक एबीआय असतो: कंपाइल झालेल्या कोडने पाळायचे नियम. कुठल्या प्रकारचा आकडा स्मृतीत कितीच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवायचा, हे तो ठरवतो. ह्यालाच अलाइनमेंट म्हणतात. स्ट्रक्चरमध्ये ज्या मेंबरचं अलाइनमेंट सगळ्यात मोठं, त्याच्या पटीत अख्ख्या स्ट्रक्चरचं माप वर ओढलं जातं, म्हणजे त्याचा ॲरे केला तरी प्रत्येक घटक नीट बसतो.

आता आमची नोंद घ्या: ८ अधिक ४. एआरएमच्या आजच्या एबीआयवर, प्रोसेसर ३२ बिटचा असला तरी, ६४ बिट पूर्णांकाचं अलाइनमेंट ८ आहे. म्हणून १२ चे १६ झाले, शेवटचे ४ बाइट पॅडिंगचे, म्हणजे कंपायलरने घातलेली रिकामी जागा. ३२ बिट एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्चरच्या आत तोच पूर्णांक ४ च्या पटीत चालतो, म्हणून तिथे १२ चे १२ राहिले. ६४ बिट एक्स८६ वर पुन्हा १६. मोटोरोला ६८००० च्या घराण्यात तर ३२ बिट पूर्णांकालाही २ चंच अलाइनमेंट आहे; आधी २ बाइटचं फील्ड आणि मग ४ बाइटचं, असं स्ट्रक्चर तिथे ६ बाइटचं आणि बाकी जवळपास सगळीकडे ८ बाइटचं होतं. एआरएमच्या जुन्या एबीआयवर तीन साध्या बाइटांचं स्ट्रक्चरही ४ बाइटचं व्हायचं.

म्हणजे "३२ बिट विरुद्ध ६४ बिट" एवढंच डोक्यात ठेवलं तर फसगत होते. माझे दोन्ही प्रोसेसर ३२ बिटचेच होते.

हे फक्त माझ्यासारख्या एकट्याने लिहिलेल्या कोडमध्ये घडतं असं नाही. लिनक्सवर चालणाऱ्या एक्सएफएस ह्या फाइलसिस्टिममधलं उदाहरण प्रत्येकाने एकदा कागदावर सोडवून बघावं. त्यात मोकळ्या ब्लॉकांची एक छोटी राखीव यादी असते, ती एका सेक्टरमध्ये मावते आणि गोल फिरते. चेकसम (माहिती बिघडली का हे ओळखायचा आकडा) असलेल्या पाचव्या आवृत्तीच्या फॉरमॅटमध्ये ह्या यादीला हेडर आलं: ४ बाइट ओळखक्रमांक, ४ बाइट अनुक्रम, १६ बाइट यूयूआयडी, ८ बाइट लॉगचा क्रमांक, ४ बाइट चेकसम. बेरीज ३६. आत ८ बाइटचा पूर्णांक असल्यामुळे ६४ बिट यंत्रांवर कंपायलरने गुपचूप त्याचे ४० केले. आता ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४-४ बाइटच्या किती नोंदी बसतील? ५१२ वजा ३६, भागिले ४, म्हणजे ११९. ५१२ वजा ४०, भागिले ४, म्हणजे ११८. एका यंत्राच्या मते यादीत ११९ जागा, दुसऱ्याच्या मते ११८. यादी गोल फिरत असल्यामुळे टोकाशी येईपर्यंत काहीच जाणवत नाही. यादी टोकावरून वळसा घेत असताना डिस्क दुसऱ्या यंत्रावर गेली की मोजणी बिघडते. २०१६ मध्ये हेडर पॅक्ड करून, म्हणजे कंपायलरला पॅडिंग घालू नको असं सांगून, माप ३६ वर आणलं. पण तोवर ११८ च्या हिशोबाने लिहिलेल्या डिस्क जगभर होत्या, म्हणून २०१८ मध्ये ही विसंगती ओळखून यादी नव्याने सुरू करण्याची सोय घालावी लागली. ४ बाइटच्या पॅडिंगने दोन वेळा दुरुस्ती करायला लावली.

ह्यातून हाताशी ठेवायचा एक नियम निघतो: हेडरच्या मागे ॲरे येत असेल तर ॲरे कुठे सुरू होतो ते हेडरच्या साइझऑफवरून (सी मध्ये माप सांगणाऱ्या ऑपरेटरवरून) काढू नका. ॲरेला त्याच स्ट्रक्चरचा शेवटचा, माप न दिलेला मेंबर करा आणि त्याचा ऑफसेट, म्हणजे स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनचं अंतर, विचारा. साइझऑफ शेवटचं पॅडिंग धरतो, ऑफसेट धरत नाही.

आधी कागद, मग कोड

कोड उघडण्याआधी बाइटांचा नकाशा कागदावर काढा. चादरीवर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डचं कार्ड कापणारा कारागीर आधी चौकटीच्या कागदावर नक्षी मांडतो, आणि माग कुठलाही असला तरी भोक कुठे पडणार हे त्या कागदावरच ठरतं. आमच्या नोंदीचा नवा नकाशा असा झाला:

० ते ७: वेळ, १९७० पासूनचे सेकंद
८ ते ११: धोट्याचा आकडा
१२ ते १३: मागाचा क्रमांक
१४: पाळी
१५: राखीव, कायम शून्य

एकूण १६. मोठी फील्ड आधी, लहान नंतर, प्रत्येक फील्ड आपल्या मापाच्या पटीतल्या ऑफसेटवर, आणि एकूण माप ८ च्या पटीत. असा नकाशा केला की वर सांगितलेल्या कुठल्याही एबीआयवर कंपायलरला पॅडिंग घालायला जागाच उरत नाही. जो बाइट कंपायलरने लपवून घातला असता, तो तुम्ही नाव देऊन स्वतः घातलेला असतो.

राखीव फील्ड लिहिताना शून्य करा, आणि वाचताना ते शून्य आहे का हेही तपासा. दुसरा भाग बरेच जण सोडून देतात. तपासलं नाही तर तिथे कचरा साचत जातो आणि पुढे त्या बाइटाला अर्थ द्यायचा म्हटलं की जुन्या डिस्कवरचा कचरा आडवा येतो. नाव नसलेलं पॅडिंग तर आणखी धोक्याचं: त्यात स्मृतीत आधी जे काही पडलं होतं ते डिस्कवर जातं. कर्नलमध्ये असं झालं तर ती माहितीची गळती ठरते, आणि चेकसम अख्ख्या स्ट्रक्चरवर काढत असाल तर तीच माहिती दोनदा लिहूनही चेकसम वेगळा येतो.

कुठले प्रकार डिस्कवर जाऊ द्यायचे

डिस्कवरच्या स्ट्रक्चरमध्ये फक्त ठरावीक मापाचे पूर्णांक हवेत: ८, १६, ३२, ६४ बिट, चिन्हासह की चिन्हाशिवाय हे स्पष्ट लिहिलेले. लाँग नको, तो ३२ बिट लिनक्सवर ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा आणि ६४ बिट विंडोजवर पुन्हा ४ चा असतो. साइझ-टी, टाइम-टी, पॉइंटर, बूल हेही नकोत. एनमची (नावं दिलेल्या आकड्यांच्या प्रकाराची) किंमत साठवायची असेल तर डिस्कवर ती ठरावीक मापाच्या पूर्णांकात ठेवा, कारण ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या एआरएम बोर्डांच्या कंपायलरमध्ये एनम एका बाइटचाही होऊ शकतो. बिटफील्ड (मोजक्याच बिटांचं फील्ड) तर मुळीच नको, बिट कुठल्या टोकाकडून भरायचे हे एबीआयनुसार बदलतं. मास्क आणि शिफ्ट वापरा.

साध्या कॅरवर, म्हणजे एका अक्षराच्या प्रकारावर, थोडं थांबू. तो एक्स८६ वर चिन्हासह असतो, एआरएम आणि पॉवरपीसीवर चिन्हाशिवाय. माप दोन्हीकडे १ बाइटच, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण ext३ मध्ये फोल्डरच्या शोधवृक्षासाठी फाइलच्या नावाचा हॅश, म्हणजे नावावरून निघणारा आकडा, काढताना ह्याच फरकामुळे गोंधळ झाला. आणि इथे आपल्याशी थेट संबंध आहे: इंग्रजी नावांचे बाइट १२७ च्या आत असतात, तिथे दोन्ही हॅश सारखेच येतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा. म्हणजे 'सोलापूर' नावाच्या फाइलचा हॅश एका प्रोसेसरवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा, आणि डिस्क हलवली की फोल्डरमध्ये असलेली फाइल सापडत नाही. शेवटी सुपरब्लॉकमध्ये 'हॅश कुठल्या पद्धतीचा' हे सांगणारा झेंडा ठेवावा लागला. चाचणीच्या फाइलींना मराठी नावं द्या, असं मी शिकाऊ मुलांना सांगतो ते ह्यासाठी.

बाइटांचा क्रम

माप जुळलं तरी क्रम उलटा असला तर उपयोग नाही. डिस्कवरचा क्रम एकदाच ठरवा आणि त्यात बदल करू नका. ext घराणं आणि बीटीआरएफएस लिटल एंडियन आहेत, म्हणजे आकड्याचा सगळ्यात खालचा बाइट आधी. एक्सएफएस बिग एंडियन, म्हणजे वरचा बाइट आधी, कारण त्याचा जन्म एसजीआयच्या मिप्स यंत्रांवर, आयरिक्समध्ये झाला. आज ते बहुतेक लिटल एंडियन यंत्रांवर चालतं आणि प्रत्येक वाचनात क्रम उलटवतं. कुठला क्रम निवडला ह्यापेक्षा निवडलेला पाळला हे महत्त्वाचं.

लिनक्स कर्नलमध्ये ह्यासाठी एलई३२, बीई६४ असे वेगळे प्रकार आहेत. कंपायलरला ते साधे पूर्णांकच वाटतात, पण स्पार्स नावाचं तपासणी साधन त्यांची सरमिसळ पकडतं. मेकला सी=२ दिलं की सगळ्या फाइली तपासल्या जातात. कर्नलबाहेर काम करत असाल तर १ फील्ड असलेलं छोटं स्ट्रक्चर करून तोच परिणाम साधता येतो: डिस्कवरचा आकडा थेट बेरजेत वापरायला गेलं की कंपायलर अडवतो. फक्त त्या छोट्या स्ट्रक्चरमुळे जुन्या एबीआयवर माप वाढत नाही ना, ते बघा.

डोळ्यांनी खात्री करायची सवयही लावा. ext४ च्या डिस्कवर सुपरब्लॉक १०२४ व्या बाइटपासून असतो आणि त्याच्या आत ५६ व्या ऑफसेटवर ओळखक्रमांक ईएफ५३. हेक्सडंप काढून १०८० व्या बाइटवर बघा: आधी ५३ दिसेल, मग ईएफ. हे एकदा स्वतः बघितलं की लिटल एंडियन पुन्हा विसरत नाही.

पॅक्ड वापरायचं का

वापरायचं, पण नकाशा आपल्या हातात नसेल तेव्हा. आधीच ठरलेल्या फॉरमॅटमध्ये ८ बाइटचं फील्ड ५ व्या ऑफसेटवर असेल तर दुसरा मार्ग नाही. नव्या फॉरमॅटमध्ये मात्र पॅक्ड मला आळशीपणाची खूण वाटते. पॅक्ड म्हटलं की कंपायलर समजतो, हे स्ट्रक्चर कुठल्याही विषम पत्त्यावर असू शकतं. मग ज्या प्रोसेसरांना तसं वाचता येत नाही तिथे तो एकेक बाइट उचलून आकडा जोडतो. शिवाय त्यातल्या मेंबरचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेऊन पुढे दिला की ही काळजी हरवते आणि काही बोर्डांवर प्रोग्राम तिथेच कोसळतो. जीसीसी ९ पासून ह्याचा इशारा येतो, तो बंद करू नका. आणखी एक: बाहेरचं स्ट्रक्चर पॅक्ड केल्याने आतल्या स्ट्रक्चरचं पॅडिंग जात नाही, त्यालाही वेगळं सांगावं लागतं.

कंपायलरकडूनच लिहून घ्या

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम. प्रत्येक डिस्क-स्ट्रक्चरसाठी स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) लिहा: ह्याचा साइझऑफ १६ च असला पाहिजे. सी११ पासून हे भाषेतच आहे. कर्नलमध्ये बिल्ड-बग-ऑन आहे. तेवढ्यावर थांबू नका, प्रत्येक फील्डचा ऑफसेटही असाच बांधून टाका, कारण दोन सारख्या मापाची फील्ड अदलाबदल झाली तर एकूण माप तेच राहतं. एक्सएफएसमध्ये ह्या सगळ्या तपासण्या एकाच हेडर फाइलमध्ये एकत्र ठेवल्या आहेत आणि ती पद्धत मला फार आवडते. नवा माणूस ती फाइल वाचून फॉरमॅट समजून घेऊ शकतो.

असर्ट बोलतो तो फक्त ज्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलंत त्याच्याबद्दल. माझ्या लॅपटॉपवर १६ आलं म्हणून ऑफिसच्या संगणकावर येईलच असं नाही. म्हणून ती एकच फाइल निरनिराळ्या लक्ष्यांसाठी कंपाइल करा. ह्याला वाटतं तितकी तयारी लागत नाही: त्या फाइलमध्ये फक्त ठरावीक मापाचे पूर्णांक आणि ऑफसेट लागतात, ती दोन्ही हेडर कंपायलरसोबतच येतात. फ्रीस्टँडिंग पर्याय दिला आणि लिंक न करता फक्त ऑब्जेक्ट फाइल बनवली तर त्या प्रोसेसरची सी लायब्ररी नसली तरी चालतं. प्रोग्राम चालवायचीही गरज नाही, तपासणी कंपाइल होतानाच झालेली असते.

माझी यादी अशी: ६४ बिट एक्स८६, तेच -एम३२ देऊन, कारण तिथे अलाइनमेंट ४, ३२ बिट एआरएम, कारण तिथे ८ आणि कॅर चिन्हाशिवाय, आयबीएम मेनफ्रेमचा एस३९०एक्स, कारण तो बिग एंडियन, आणि ६८०००, कारण तिथे २. ह्या पाचांतून सुटलेली चूक माझ्या तरी बघण्यात अजून आलेली नाही. पाचही क्रॉस-कंपायलर डेबियनच्या पॅकेजांत मिळतात.

असर्ट फसला आणि भोक कुठे आहे ते कळेना, तर पाहोल वापरा. डीबग माहितीसह बनवलेली ऑब्जेक्ट फाइल त्याला दिली की प्रत्येक फील्डचा ऑफसेट, माप आणि मधली भोकं तो ओळीने छापतो. जुन्या कोडवर काम सुरू करताना मी आधी पाहोलच चालवतो.

एक इमेज, पाच वाचणारे

मापानंतर खऱ्या बाइटांची चाचणी. एक छोटी नमुना इमेज बनवून ती कोडसोबतच जपून ठेवा. त्यात वेळेच्या जागी ०१ ०२ ०३ ०४ ०५ ०६ ०७ ०८ असे प्रत्येक बाइट वेगळे असलेले आकडे भरा. सगळीकडे शून्य किंवा एकच आकडा असेल तर सरकलेलं फील्ड ओळखू येत नाही. माझ्या पहिल्या कार्डावर पॅडिंगमध्ये योगायोगाने शून्यंच होती, म्हणून काही ओळी जवळजवळ खऱ्या वाटत होत्या. चाचणी दोन्ही बाजूंनी करा: इमेज वाचून आकडे जुळतात का, आणि तेच आकडे लिहून इमेज बाइटाला बाइट जुळते का. क्यूएमू ह्या दुसऱ्या प्रोसेसरांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या यूजर मोडमध्ये एस३९०एक्स आणि एआरएमचे प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर चालतात, त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यायला नको.

तुमच्या फाइलसिस्टिमला कर्नल मोड्यूल आणि बाहेरचं साधन असे दोन भाग असतील, तर आयओसीटीएलच्या (साधनाने कर्नलला आज्ञा द्यायच्या कॉलच्या) स्ट्रक्चरांनाही हेच सगळे नियम लावा. आयओसीटीएलच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचं माप गुंफलेलं असतं. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट साधन चालवलं आणि माप वेगळं निघालं, तर कर्नल तो क्रमांक ओळखतच नाही. आणि पेजचं माप फॉरमॅटमध्ये शिरू देऊ नका: एक्स८६ वर ते ४ केबी असतं, काही एआरएम आणि पॉवरपीसी कर्नलांवर ६४ केबी. ब्लॉकचं माप सुपरब्लॉकमध्ये लिहा आणि तिथूनच वाचा.

आधीच लिहिलेल्या कार्डांचं काय

कारखान्यात तोवर डबाभर कार्डं भरली होती. हेडर सुधारून नुसता नवा प्रोग्राम दिला असता तर त्या जुन्या पाळ्यांचे आकडे हातचे गेले असते, आणि त्या आकड्यांवर कामगारांची मजुरी ठरते. म्हणून आधी प्रत्येक कार्डाची बाइटाला बाइट प्रत काढली आणि मूळ कार्डाला पुन्हा हात लावला नाही. मग सुपरब्लॉकमध्ये आवृत्तीचं फील्ड वापरात आणलं: जुनं १, नवं २. आवृत्ती १ दिसली की वाचणारा प्रोग्राम साइझऑफ विचारत नाही. १६ हा आकडा त्यात सरळ लिहिलेला आहे, आणि प्रत्येक फील्ड आपल्या ऑफसेटवरून बाइट जोडून उचललं जातं. शेवटचे ४ बाइट वाचून सोडून दिले जातात.

तुमच्याकडे दोन्ही मापांनी लिहिलेल्या डिस्क असतील तर माप आधी ओळखावं लागेल. १२ चं पाऊल टाकून पहिल्या शंभर नोंदींच्या वेळा बघा, मग १६ चं टाकून बघा. वेळ चढत्या क्रमाने आणि योग्य सालातली कुठे येते त्यावरून निकाल लागतो. दोन्हीकडे संशय असेल तर आपणहून निवडू नका, ती डिस्क बाजूला काढून माणसाला दाखवा. आमच्याकडे दोन कार्डं अशी निघाली, दोन्हींवर पाचच्या आत नोंदी होत्या. सुपरवायझरांनी हजेरीची वही काढली, पाळीच्या वेळा एकेक करून लावून बघितल्या आणि मग तक्त्यावर सही केली.